मौजे अबानुका येथे जगाची जबाबदारी स्वीकारल्याबाबत

जगातली कोणतीही मोठी जबाबदारी हिंडत हिंडत शेवटी अशा माणसाच्या दारात येऊन बसते, ज्याला नाही म्हणता येत नाही. घराघरांत हे दिसतं, कचेऱ्यांत दिसतं, लग्नकार्यात तर हमखास दिसतं. राष्ट्रांनाही हाच नियम लागू आहे की नाही, याबद्दल विद्वानांमध्ये काही काळ मतभेद होते. आमच्या अबानुका बेटाने ते कायमचे मिटवले, आणि त्या कामी बेट परिषदेचा कारकून या नात्याने माझाही हातभार लागला, याचा मला सार्थ अभिमान आहे.

बेटाची माहिती थोडक्यात अशी. लांबी अकरा किलोमीटर. रुंदी सरासरी तीनशे पावलं (भरती असताना दोनशे ऐंशी). लोकसंख्या एक हजार एकशे बेचाळीस. सर्वांत उंच जागा समुद्रापासून तीन मीटरवर, पण तिथे चर्चची घंटा टांगलेली असल्यामुळे राहायला जाता येत नाही. परिषदेचा हवामान विभाग मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी माझ्या टेबलावर भरतो. उरलेल्या वेळी त्याच टेबलावर जन्ममृत्यूची नोंद, टपाल आणि डुकरांचे तंटे असतात.

आमच्यात बुबुस नावाची एक चाल आहे. नात्यातल्या, ओळखीतल्या किंवा सभागृहात मांडी घालून बसलेल्या कोणीही तुमच्याकडे एखादी गोष्ट मागितली, तर ती द्यायची. नाही म्हणणाऱ्याला शिक्षा काहीच नाही, फक्त त्याच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत लोक ती गोष्ट सांगत राहतात. माझी सायकल अशीच गेली. मावसभावाने मागितली, त्याच्याकडून त्याच्या मेव्हण्याने, मेव्हण्याकडून पाद्रीबाबांनी. चार वर्षांनी मी पाद्रीबाबांकडे मागून ती परत आणली, तोवर तिला नवी घंटी आणि मागचं चाक मिळालं होतं. (चालीचे फायदे नाकारता येत नाहीत.) मागणाऱ्यावरही बंधन आहेच. ज्याने आज मागितलं त्याच्याकडे उद्या मागितलं जाणार, आणि त्यालाही द्यावं लागणार. म्हणून आमच्यातली शहाणी माणसं फार जपून मागतात.

ऑल्डेनसाहेबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. साहेब एका मोठ्या परदेशी संस्थेचे हवामान सल्लागार. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पाहुण्याला नावं ठेवण्याची आमच्यात पद्धत नाही. आठवड्याचं विमान त्यांच्या वेळेत बसेना, म्हणून ते स्वतंत्र विमान करून आले. उतरल्याबरोबर त्यांच्या डोक्यावर फुलांची माळ घातली गेली, मानेवर सुवासिक पावडर टाकली गेली, आणि सभागृहात पाहुण्याच्या जागेवर त्यांना मांडी घालून बसवण्यात आलं. मांडी हा विषय त्यांच्या अभ्यासात नसावा. एक गुडघा खाली गेला की दुसरा वर यायचा.

त्या दिवशीच्या सभेत विषय दोनच होते. विषय क्रमांक एक, नेई (म्हणजे श्रीमती) माकुरीता यांचा भिंतीबाबतचा अर्ज. विषय क्रमांक दोन, पाहुण्यांचे भाषण. पाहुणे असल्यामुळे दोन हा एकच्या आधी घेण्यात आला.

माकुरीता आजींचा अर्ज साधा होता. त्यांच्या घरामागे बाबाईचा खड्डा आहे. बाबाई म्हणजे आमचा अळूच्या जातीचा कंद. वाळूत कमरेच्याही खाली खणत जायचं, गोडं पाणी लागलं की थांबायचं, आणि त्या चिखलात पालापाचोळ्याच्या टोपल्या करून कंद लावायचे. एकेक कंद दहा-बारा वर्षं पोसतात आणि लग्नाला किंवा मयताला काढतात. हा खड्डा आजींच्या आजेसासऱ्याने खणलेला. खड्डा आणि समुद्र यांच्यात पूर्वी शंभर पावलं होती, आता अठरा राहिली होती. भरतीचं पाणी एकदा आत आलं की गोडं पाणी खारं होतं आणि कंद आतून सडतो. म्हणून आजींना समुद्राच्या बाजूने चाळीस पावलं लांब, छातीएवढी उंच दगडी भिंत हवी होती. अर्ज करून दोन वर्षं झाली होती. अर्जावर माझाच शेरा होता, ‘कार्यवाही चालू’.

साहेबांचं भाषण सुंदर झालं. मी त्याचा शब्द न् शब्द आमच्या भाषेत सांगत होतो. शेवटी ते म्हणाले, “हवामानाच्या प्रश्नात लहान-मोठं असं काही नसतं. प्रत्येक राष्ट्राने जबाबदारी उचलली पाहिजे. ही जबाबदारी तुम्ही घ्यावी, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.”

 पहिल्या खांबाशी बाउरो आबा बसतात. ज्येष्ठांमध्ये ते सर्वांत ज्येष्ठ, आणि बेटावरचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“कारकुना, हा भाषण करतोय की मागतोय?”

मी साहेबांना विचारलं. साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मागतोय. साऱ्या जगाच्या वतीने मागतोय.”

“पाहुण्याच्या जागेवर बसून?” आबांनी विचारलं.

“हो आबा.”

“मांडी घालून?”

“प्रयत्न चालू आहे.”

आबांनी डोळे मिटले. दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेणं हेही आमच्यात देणंच, पण एवढं मोठं काही बेटावर आजवर कोणी मागितलं नव्हतं. मागे एकदा कोणीतरी अख्खी होडी मागितली होती, त्याचीच गोष्ट अजून पुरते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने माकुरीता आजी म्हणाल्या, “अहो दादा, देऊन टाका की. एवढ्या लांबून आलाय बिचारा. गुडघे तरी बघा त्याचे.”

“दिली,” आबा म्हणाले.

अशा रीतीने दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी जगाच्या हवामानाची जबाबदारी अबानुका बेटाने विधिवत स्वीकारली. साहेब थोडे गोंधळलेले दिसले. मागाहून कळलं की हीच विनंती त्यांनी एकेचाळीस देशांत केली होती आणि ती कोणीही मान्य केली नव्हती. त्यामुळे मान्य झाल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी परत गेल्यावर एक नमुना पाठवतो असं सांगितलं. भिंतीबद्दल मी विचारलं, तेव्हा तो अर्ज जबाबदारीच्या अहवालाला जोडपत्र नऊ म्हणून जोडावा, अहवाल मंजूर झाला की भिंतही मंजूर होईल, असा मार्ग त्यांनी सुचवला. आजींना तो पटला. आधी द्यावं, मग मागावं, हे त्यांच्या वळणातच होतं.

नमुना एकशे शहाऐंशी पानांचा होता, तीन प्रतींत भरायचा. नमुना मोठ्या देशांसाठी केलेला असला तरी आम्ही एकही रकाना रिकामा ठेवला नाही. रेल्वेमार्ग: नाहीत. कोळशाच्या खाणी: नाहीत. पोलाद: सभागृहाच्या छपरासाठी आणलेले खिळे, दोन डबे. हिवाळ्यात घरे तापवण्याचा खर्च: हिवाळा नाही. घराच्या भिंतींतून उष्णता बाहेर जाते काय: आमच्या घरांना भिंती नाहीत, तरी जाते, भरपूर. यानंतर मी तीन आठवडे बेटभर हिंडून उत्सर्जनाची, म्हणजे कोण किती धूर आणि वायू सोडतो याची, प्रत्यक्ष मोजणी केली. तिचा गोषवारा असा:

परिषदेचा ट्रक, एक, बावीस टक्के. (दुसऱ्या गियरमध्येच चालतो. रुग्णवाहिका, शववाहिका आणि रविवारी भजनी मंडळाचं वाहन तोच.)

मोटारसायकली, चौदा, सहा टक्के. (पैकी चालू पाच, पैकी पेट्रोल असलेल्या दोन.)

नारळाच्या करवंट्यांवर चालणाऱ्या चुली, सत्तावीस टक्के.

डुकरं, तीनशे बारा, चौदा टक्के. (हा आकडा पुस्तकातून घेतला आहे. ‘जनावरांचे उदरवायू’ या रकान्यासाठी मी एका डुकरासमोर नमुन्यादाखल तासभर बसून होतो. त्याने सहकार्य केलं नाही.)

परिषदेचा जनरेटर, एक, एकतीस टक्के. (यातील एकोणीस टक्के उत्सर्जन हा अहवाल तीन प्रतींत छापण्यासाठी झालं.)

चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल की बेटावरच्या माणसांत जगाला सर्वांत जास्त धोका माझ्यापासून होता. मी तशी कबुली प्रास्ताविकात दिली आणि अहवाल पाठवून दिला.

महिन्याभरात तो परत आला. नमुन्यातले आकडे हजार टनांत धरायचे होते, आणि त्या मापात आमचं एकूण उत्सर्जन शून्य येत होतं. साहेबांनी पत्रात फार समजुतीने लिहिलं होतं. शून्यातून कपात दाखवता येत नाही. ज्याच्याकडे टाकण्यासारखं काही नाही, त्याने जबाबदारी घेतली असं कसं म्हणावं? मात्र त्यांनी वाटही दाखवली. त्यांचा स्वतंत्र विमानाचा प्रवास आमच्याच कामासाठी झालेला असल्याने तो आमच्या रकान्यात धरावा. तसा तो धरला. एका रात्रीत बेटाचं उत्सर्जन चौपट झालं आणि आम्ही प्रथमच जगाच्या नजरेत भरण्याजोगे दोषी ठरलो. बाउरो आबांनी ही बातमी सभागृहात जाहीर केली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपातीचं लक्ष्य तीस टक्के ठरलं, मुदत एक वर्ष.

इथे थोडं गणित आहे. चारपैकी तीन भाग साहेबांचं विमान, आणि एका भागात अख्खं बेट. म्हणजे ट्रक बंद केला, जनरेटर बंद केला, चुली विझवल्या, डुकरं कापली आणि माणसं उपाशी ठेवली, तरी कपात पंचवीस टक्केच होणार होती. हे मी आबांना वाळूत रेघा मारून समजावलं. त्यांनी बोटाने रेघा मोजल्या.

“म्हणजे आपण सगळे मेलो तरी पाच टक्के कमी पडतात?”

“हो आबा.”

“मग मरण्यात अर्थ नाही,” ते म्हणाले. “जमेल तेवढं करू.”

आणि लोकांनी ते केलं. कागदावरची कपात कागदावरच करायची असते, हे माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मला कोणी विचारलं नाही. बाकीच्यांच्या मते हे बुबुस होतं. मागितलेलं दिलं होतं, तेव्हा ते खरोखर द्यायला हवं होतं. मोटारसायकली झाडांना बांधण्यात आल्या. जनरेटर फक्त अहवालापुरता चालू लागला. एका गरोदर बाईला दवाखान्यात हातगाडीवरून नेलं, आणि वाटेतच मुलगा झाला, त्याचं नाव मी जन्मनोंदीत घेतलं आहे. (‘कपात’ हे नाव ठेवण्याची तिच्या सासऱ्याची इच्छा होती. सासूने हाणून पाडली.) आबांनी तंबाखूची विडी सोडली. ती कोणत्याही रकान्यात येत नाही असं मी सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, जबाबदारी मी दिली, मग मीच धूर सोडत बसू काय?

आणि ट्रक उभा राहिला. त्याच्या चाकांखाली नारळ लावले, आणि आठ दिवसांत त्याच्या हौद्यात कोंबड्या राहायला आल्या.

माकुरीता आजींची भिंत जोडपत्र नऊमध्ये होती. पण ऑक्टोबरपासून वारे फिरायला लागले, तेव्हा लोकांनी ठरवलं की मंजुरी येईल तेव्हा येईल, आपण दगड रचायला घेऊ. प्रवाळाचा दगड बेटाच्या उत्तर टोकाला आहे, आणि आजींचा खड्डा दक्षिणेला. मध्ये आठ किलोमीटर. ट्रकने चार दिवसांचं काम. हातगाड्या सहा, त्यांपैकी तीन एकचाकी. पुरुष सकाळी मासे मारून आले की गाड्या ओढायचे. आजी प्रत्येक खेपेला शहाळं फोडून द्यायच्या आणि दगड कुठे बसतो ते बसून बघायच्या. डिसेंबरअखेर भिंत चौदा पावलं झाली. जानेवारीअखेर तेवीस.

फेब्रुवारीच्या पौर्णिमेला वर्षातली सर्वांत मोठी भरती येते, हे आमच्या तान्ह्या मुलांनाही माहीत असतं. तिच्या आठवडाभर आधी मी आजींकडे गेलो. त्या खड्ड्यात उतरून कंदांभोवती पाला भरत होत्या. मी काठावर बसलो आणि आवाज खाली आणून म्हणालो, “आजी, एक दिवस ट्रक काढू. कोंबड्या हुसकायच्या, झालं. चार खेपांत जमेल तेवढा दगड येईल. साहेबांना कळणारसुद्धा नाही.”

“त्याला नाही कळणार,” आजी म्हणाल्या. “तुला कळेल ना?”

“मला चालेल.”

“तुला चालेल रे. तू सरकारी माणूस. मला नाही चालायचं. दिली ना जबाबदारी? मीच म्हटलं होतं, द्या म्हणून. आता भिंतीसाठी त्यातली थोडी काढून घेऊ? तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला?”

माझ्या आईचं नाव निघाल्यावर मी उठलो. आजींनी खालून हात पुढे केला, मी त्यांना वर ओढलं. त्यांनी चिखलाचा हात लुगड्याला पुसून माझ्या खांद्यावर थापटला आणि म्हणाल्या, “तेवीस पावलं झाली की. समुद्रालाही काही लाज असेल.”

समुद्र सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी आला. त्याने तेवीस पावलांचा पूर्ण मान राखला आणि उरलेल्या सतरा पावलांतून आत शिरला. आम्ही पोहोचलो तेव्हा खड्डा काठोकाठ भरला होता आणि बाबाईची पानं पाण्यावर तरंगत होती, चांगली हिरवीगार. ती पिवळी पडायला नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत आजी रोज बादलीने पाणी उपसत होत्या, आणि आम्हीही उपसत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. या दोन्हींसाठी नमुन्यात रकाना नाही, म्हणून इथे लिहितो.

वर्षअखेरीस हिशेब केला तेव्हा बेटाची कपात नऊ टक्के भरली. लक्ष्याला एकवीस कमी. तेव्हा मला एक तोडगा सुचला आणि मी साहेबांना पत्र लिहिलं की, आपण यंदा आला नाहीत, तर आमची कपात एकदम चौऱ्याऐंशी टक्के होते. जगात आजवर कोणत्याही राष्ट्राला एवढी कपात जमलेली नाही. तरी कृपया येऊ नये. उलट टपाली उत्तर आलं. कल्पना अत्यंत अभिनव असून तिचं त्यांच्या कचेरीत कौतुक झालं होतं. मात्र कपात खरोखर झाली आहे की नाही, हे प्रत्यक्ष येऊन तपासल्याशिवाय ती ग्राह्य धरता येत नाही. सबब ते येत होते, आणि कपातीचा आकडा विक्रमी असल्यामुळे यावेळी सोबत एक छायाचित्रकार आणि एक सहायकही होते.

दुसऱ्या भेटीत साहेबांनी चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र आणलं. त्यावर ‘जबाबदार राष्ट्र (लहान गट)’ असं सोनेरी अक्षरांत होतं. त्यांची मांडीही पुष्कळ सुधारली होती. पाहुण्यांना जेवण दिल्याशिवाय सभा सुरू होत नाही, म्हणून पानं मांडली: मासे, नीरफणस, नारळाची नीरा, आणि मधोमध माकुरीता आजींची बाबाई. बारा वर्षांचा कंद होता. नातीच्या लग्नासाठी राखलेला. खाऱ्या पाण्याने खालून सडत चालला होता, म्हणून आजींनी तो काढला, सडका भाग कापून टाकला आणि उरलेला खोबऱ्याच्या दुधात शिजवला.

साहेबांनी घास घेतला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, “अप्रतिम. मिठाचं प्रमाण तर अगदी नेमकं आहे. त्यांना विचार ना, मीठ केव्हा घालतात.”

मीठ कोणीच घातलं नव्हतं. मी आजींना सांगितलं, “आवडलं म्हणतोय.”

“अजून घे म्हणावं,” आजी म्हणाल्या.

जेवणं झाली, प्रमाणपत्र खांबाला टांगलं, छायाचित्रं झाली. मग बाउरो आबा पुढे सरकून बसले. मी आधी सांगितलंच आहे, की ज्याने मागितलं त्याच्याकडे मागता येतं. आबा वर्षभर या दिवसाची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी साऱ्या जगाच्या वतीने मागितलं होतं, म्हणजे आता साऱ्या जगाकडे मागता येत होतं. काहीही मागता आलं असतं. मोठी बंदरं, जहाजं, डोंगराएवढी उंच जमीन. 

“त्याला सांग,” आबा म्हणाले, “आम्ही मागतोय. सतरा पावलं भिंत.”

मी सांगितलं. साहेबांचा चेहरा खरोखर पडला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सहायकाकडे पाहिलं, सहायकाने कागद चाळले, आणि मग साहेब बराच वेळ बोलले. ही बाब थेट त्यांच्या अखत्यारीत येत नाही. ती योग्य त्या स्तरावर मांडली जाईल. जोडपत्र नऊ विचाराधीन आहे. मधल्या काळात भिंतीच्या उपयुक्ततेचा अभ्यास करण्यासाठी एक पथक पाठवता येईल.

“काय म्हणतोय?” आबांनी विचारलं. “नाही म्हणतोय?”

“नाही असं नाही म्हणत.”

“मग हो म्हणतोय?”

“तसंही नाही.”

“अरे कारकुना, मग म्हणतोय तरी काय?”

“बघू म्हणतोय.”

ज्येष्ठांनी माना खाली घातल्या. स्वतःसाठी नाही, पाहुण्यासाठी. त्या सभागृहात कोणावरही अशी वेळ आलेली त्यांनी पाहिली नव्हती. साहेब खाली बघत होते, छायाचित्रकाराने यंत्र पिशवीत घातलं. तेव्हा माकुरीता आजी वाकून पुढे आल्या, पाहुण्याच्या मानेवर पुन्हा एकदा पावडर टाकली आणि आबांना म्हणाल्या, “राहू द्या दादा. नसेल त्याच्याकडे. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे मागून त्याची लाज कशाला काढायची?”

हे सर्वांना पटलं. सतरा पावलं दगडसुद्धा ज्या जगाकडे नाहीत, त्याची परिस्थिती किती ओढग्रस्तीची असेल, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी साहेब निघाले तेव्हा विमानात त्यांच्यासोबत चार चटया, सुक्या माशांच्या सहा माळा आणि चाळीस नारळ घालण्यात आले, त्यांच्याकडच्या गरजूंना वाटण्यासाठी. (वजनामुळे इंधन थोडं जास्त लागलं. ते आमच्या रकान्यात धरलं आहे.)

आजींनी खड्ड्यातून अकरा कोंब वाचवले आहेत. कंद गेले तरी वरचा कोंब जिवंत असला की पुन्हा लावता येतो, फक्त खारं पाणी नसलेली जमीन हवी. तशी अबानुकावर आता राहिलेली नाही. कोंब ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले आहेत आणि आजी रोज संध्याकाळी त्यांच्यावर पावसाचं साठवलेलं पाणी शिंपडतात. परवा त्या माझ्या टेबलाशी आल्या. मंगळवार होता, म्हणजे विभाग चालू होता. म्हणाल्या, “साहेबाकडे नाही, हे झालं. पण कोणाकडे तरी असेलच की. ज्यांच्याकडे आहे त्यांना लिही.”

म्हणून हे लिहिलं. तुम्ही बसल्या जागी इथपर्यंत वाचत आलात. मध्ये उठला नाहीत, आमची बाबाईसुद्धा चाखून झाली. आमच्या चालीप्रमाणे याचा अर्थ तुम्ही पाहुण्याच्या जागेवर बसला आहात, आणि तुमच्याकडे मागता येतं. मागणं मोठं नाही. आजींना अकरा कोंबांपुरता एक खड्डा खणायचा आहे, सहा पावलं लांब, तीन पावलं रुंद. मी माप काढून पाहिलं. तुमची गाडी उभी असते तेवढीच जागा. गाडी कुठे न्यायची हा प्रश्न तुम्हाला पडेल, आणि तो अवघड आहे, हे मला मान्य आहे. आमच्या ट्रकचं आम्ही काय केलं ते वर आलंच आहे.

आजींना मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. माणसं सज्जन आहेत, हवामानाची त्यांना मनापासून काळजी आहे, अशा गोष्टी ते आवडीने वाचतात आणि दुसऱ्यांनाही पाठवतात. त्या म्हणाल्या, “मग देतीलच.” आणि पोतं भिजवायला गेल्या.

तरी आपलं उत्तर लवकर कळवावं. हो असेल तर हो लिहा, नाही असेल तर नाही लिहा, आमच्याकडे कोणी राग धरत नाही. फक्त ‘बघू’ असं लिहू नका. त्याचा अर्थ आजींना आता कळायला लागला आहे.